अक्कानं धरलेला पाय

मी फार्मसी शिकलेली बाई. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारी. आजही भूत आहे असं म्हणत नाहीये... जे झालं तेवढंच सांगते.

आम्ही आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या डून लेरीला राहतो. सासरे, म्हणजे बाबा, मिरजेहून आमच्याकडे आले होते. डायबेटिस जुना, दोन्ही पाय पार बधिर. चालता चालता चप्पल मागे राहिली तरी त्यांना पत्ता नसायचा.

त्या दिवशी दुपारी अमेय, माझा नवरा, ऑफिसला. घरी आम्ही दोघंच. मी किचनमध्ये असताना हॉलमधून बाबांचा आवाज आला.

"मेघा, अक्काला सांग की, हळू धर म्हणावं. दुखतंय."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्यांनाही शुगर. टाचेची जखम चिघळली, पाय कापावा लागला आणि त्यातच त्या गेल्या — माझ्या लग्नाच्याही आधी.

मला वाटलं, शुगर उतरली, म्हणून बरळतायत. पटकन बोटाला टोचून बघितलं. नॉर्मल.

"कुठे दुखतंय, बाबा?"

"डावी टाच. घट्ट धरलीय बघ तिनं."

मोजा काढला. टाचेला नुसती जाड कातडी, जखम वगैरे काही नाही. पण घोट्याशी... त्यांच्या पायाला सूज असायची, दाबलं की खड्डा पडायचा आणि हळूहळू भरून यायचा. तिथे बोटांचे खड्डे होते. ताजे. माझ्या डोळ्यांदेखत ते भरत गेले. मी तिथे हात लावलाच नव्हता.

हॉस्पिटलच्या फूट क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या बाईंनी बाबांना डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवला. बाबांना एकदाही कळलं नाही.

"बधिरपणा जुनाच. बाकी ग्रँड दिसतंय सगळं," बाई म्हणाल्या. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठीकठाक.

मी हट्टच धरला, टाच जरा तासून बघा. तासली... आत पू. हाडाच्या अगदी जवळ पोचलेला.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "यांना हे दुखणं शक्यच नाही. तुम्हाला कळलं कसं?"



बाबांना ॲडमिट केलं, ड्रिपमधून अँटिबायोटिक्स दिली, नंतर टाचेवर भार येऊ नये म्हणून खास बूट. पाय वाचला.

घरी आल्यावर ड्रेसिंग करताना मी धीर करून विचारलं, "अक्का गेल्या ना आता?"

बाबांनी मानेनंच उजव्या पायाकडे खूण केली. "गेली कुठं? आता हा धरलाय."

उजवा पाय पुन्हा पुन्हा तपासून घेतला. एमआरआयसुद्धा केला. काही नाही. अमेय म्हणतो, वय झालंय, भास होतात. असतील. पण मग डावी टाच? ते खड्डे?

आता त्या पायाचा मोजा रोज मीच काढते. काल हात पुढे केला, तर बाबा म्हणाले,

"थांब जरा. तिला हात काढू दे."

आणि मी थांबले.