धुतलेल्या गाडीखालची गळती

आरेतून येताना गाडीच्या तापमानाचा काटा लाल रेघेपर्यंत चढला. सोमवारी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बोरिवलीहून मुलुंडला न्यायचं होतं.

"अगं, कूलंट भर आणि चल ना," नवरा म्हणाला.

पण ते जातंय कुठे, हे आधी कळायला हवं होतं. आमच्या सोसायटीत गाड्या रोज पहाटे धुतात, त्यामुळे प्रत्येक गाडीखाली ओलं असतंच. रविवारी मी आमची गाडी धुऊ दिली नाही. आदल्या रात्रीच इंजिनाखाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता. सकाळी त्यावर कूलंटचे हिरवे डाग दिसले. गॅरेजवाल्याने वॉटर पंप गळतोय म्हणून सांगितलं. नवा मंगळवारी मिळणार होता.

"मग रिक्षा बोलाव," आई म्हणाली. "तुझ्या एसीत मला नाहीतरी मळमळतं."

ऑपरेशन वेळेवर झालं.