गवत कापाच्या मशीनची धार

तलावाकाठच्या एका बंगल्याच्या बागेत मी माळी होतो. तिथं गवत कापाची मशीन होती. तिच्या पोटाखाली एकच लांब पातं, मधात भोक, दोन्ही टोकाले धार. ते पातं बोथट झालं. मशीन गवत कापे नाही, चावून थुके.

बंगल्याची देखरेख करणारे बाबू म्हणाले, "गोंदियाले धाडतो धार लावाले."

मी चूप राहाचं का नाही? म्हणलो, "कायले बाबू? जन्म गेला माझा इळे पाजवण्यात. घरीच करून आणतो."

"सोमवारी साहेब येऊन राहिले. लॉन तसाच दिसला, तर दुसरा माळी पाहीन मी."

घरी आंगणात कानस घेऊन बसलो. पहिलं टोक असं घासलं, असं घासलं, का हाताचे केस सफाचट. शेजाऱ्याले बोलावून तो हात दाखवला. दुसऱ्या टोकापर्यंत येईस्तोवर दंड भरून आले. तिथं पापडाले तेल लावल्यासारखी कानस फिरवली न् जेवाले बसलो.

शनिवारी मशीन चालू केली. ती थरथर कापे, तिच्यासंग मी बी. दात वाजले, टोपी पडली, न् दोघंबी झेंडूच्या वाफ्यात घुसलो. बाबू वऱ्हांड्यातून ओरडले, "काऊन रे, गवत कापून राहिला का अंगात आलं?"

पातं काढून घरी आणलं. बायकोले म्हणलो, "मशीनच खराब हाय."

तिनं पातं हातात घेतलं. पात्याचं भोक भिंतीच्या खिळ्यात अडकवलं. कमी घासलेलं टोक धपकन खाली गेलं.

"तुमी कधी कावड उचलली का जी?"

"काऊन?"

"एकीकडचा भारा जड झाला, का कावड माणसाले गरगर फिरवते. ह्याचं बी तसंच."

मले काय माहीत? शेताच्या बांधीतून धानाचे भारे आणाच्या वेळी दरसाल माझा खांदा दुखे. कावड तिच्याच खांद्यावर.

मंग तिनं जड टोक घासलं. खिळ्याले लावून पाहे, पुन्हा घासे. मी पातं पायानं दाबून बसलो.

"हालू नका जी."

तेवढंच काम मले जमलं. शेवटी पातं खिळ्यावर आडवं, सरळ थांबलं.

रविवारी सारा लॉन कापून काढला. बाबू खूश. "वा! कोणं केली रे धार?"

"बायकोनं," मी म्हणलो.

बाबू पोट धरून हसले. "तू न् तुझ्या गमती! राहा कामावर."

दुसऱ्यांदा सांगाची माझी हिंमत झाली नाही. बाबूले पटलं असतं, तर तिलेच माळी ठेवलं असतं.