दहा मिनिटांत परत आलो नाही तर

नेटवर्किंगच्या क्लासमध्ये दोन गोष्टी आपोआप साठत जातात: केबलचे तुकडे आणि किस्से. फेकायला म्हणून हातात घ्यावं, तर कुणीतरी म्हणतंच, "असू द्या सर, कामाला येईल." तसे माझ्याकडे बरेच साठलेत. फरक एवढाच, की इतरांच्या किश्शांत कुणीतरी शौर्य गाजवलेलं असतं. माझ्या किश्शांत कुणीतरी घाबरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो मीच असतो!

मी एकोणसत्तर वर्षांचा आहे. नावामागे डॉक्टर लागतं, पण ज्या विषयात डॉक्टरेट केली त्यातलं एकही यंत्र आता बाजारात मिळत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालो आणि नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागलो. ऑफिसांचे आणि बँकांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे राउटर कसे बसवायचे, बिघडले तर काय करायचं, हे आम्ही शिकवतो. क्लास वैशालीचा. ती माझीच जुनी विद्यार्थिनी.

या धंद्यात प्रमाणपत्र तीनच वर्षं टिकतं. मग पुन्हा परीक्षा! शिक्षकालासुद्धा. क्लासमध्ये प्रमाणित शिक्षक मी एकटा. माझं प्रमाणपत्र गेलं, की क्लासची मान्यता गेली आणि चालू बॅच अर्धवट राहिली. दुसरा माणूस नाशकात मिळत नाही. शिकलेले सगळे पुण्याला पळतात. यंदा माझं तिसरं वर्ष होतं. खालचे सगळे किस्से, जुने-नवे, त्या एका वर्षाच्या धसक्यात आठवलेले समजा.

* * *

मागची परीक्षा मी घरून दिली होती. खोलीत दुसरं कुणी नको, टेबल रिकामं हवं, आणि दूर कुठेतरी बसलेला परीक्षक कॅमेऱ्यातून तुमच्यावर नजर ठेवणार. वीस मिनिटं झाली असतील, स्क्रीनवर इशारा आला: ओठ हलवू नका!

मला कळेचना. मी तर गप्प बसलो होतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, आणि तिसऱ्यांदा असं झालं तर परीक्षा रद्द! घाम फुटला. तेव्हा लक्षात आलं, की विचार करताना मी पुटपुटतो. चाळीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून डोकं आणि तोंड एकाच तारेवर चालायला लागलंय. उरलेला वेळ मी डाव्या हातानं हनुवटी वर दाबून धरली आणि एका हातानं पेपर सोडवला. कसाबसा पास झालो.

बाहेर येऊन बायकोला सांगितलं, की परीक्षक मला तोंड बंद ठेवायला सांगत होता.

ती म्हणाली, "बघा! त्याला वीस मिनिटांत कळलं!"

* * *

बॅचमधली यमुना गावित सुरगाण्याकडची. घरी भात आणि नागलीची शेती. बारावीनंतर टॉवरच्या कामावर मदतनीस होती, तिथून प्रमाणपत्रासाठी आमच्याकडे आली. एकदा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर छोटा अँटेना बसवायचा होता. वैशाली म्हणाली, "सर, तुम्ही खालून बघा फक्त."

नुसतं कसं बघणार? मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. यमुना चढली. खाली द्वारकेचा चौक. ट्रक, रिक्षा, बस, सगळे एकमेकांवर हॉर्न मारताहेत. मला दिसत होतं, की ही पोर आता पडणार, उद्या पेपरात बातमी येणार आणि शिडी धरणारा म्हणून माझं नाव छापलं जाणार. शिडी लटलटायला लागली. मी ओरडलो, "यमुना, शिडी हलतेय! खाली ये!"

तिनं वरून शांतपणे वाकून बघितलं.

"सर, तुमी शिडी सोडा. मंग ती नाय हालायची."

* * *

आमच्या क्लासमध्ये एक प्रथा आहे. लांबच्या गावातल्या राउटरवर इथून बसून काम करायचं असेल, तर हात लावण्याआधी त्याला सांगून ठेवायचं: दहा मिनिटांत मी परत येऊन 'राहू दे' म्हटलं नाही, तर तू आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू हो. सुरू झाला की राउटर सेव्ह न केलेलं सगळं विसरतो आणि आधी होता तसा उभा राहतो. म्हणजे तुम्ही चुकून आपलीच वाट बंद करून बसलात, तरी दहा मिनिटांनी दार पुन्हा उघडतं. काम नीट झालं, की आठवणीनं रद्द करायचं आणि सेव्ह करायचं.

भित्र्या माणसाची प्रथा आहे ही! म्हणून तर मला आवडते. प्रत्येक बॅचला मी पहिल्याच दिवशी शिकवतो. पोरं हसतात. कॉलेजात माझ्याकडे शिकताना वैशालीही हसायची.

मग तिला सातपूरला पहिली नोकरी लागली. कामाचा चौथा दिवस. एका बियाणे कंपनीच्या नांदगाव शाखेतल्या राउटरचं सेटिंग इथून बसून बदलायचं होतं. तिनं एक ओळ चुकवली आणि संपर्क तुटला. शाखेचं काम बंद. आता गाडी काढून नांदगावपर्यंत जायचं, आणि जाईपर्यंत साहेबांना काय सांगायचं?

तिचा मला फोन आला. "सर, गेलं! सगळं गेलं!"

मी विचारलं, "आधी परतीचं सांगून ठेवलं होतंस का?"

"हो. दहा मिनिटं."

"मग येईल," मी म्हणालो. "फोन चालू ठेव."

आम्ही दोघं फोन धरून बसलो. ती घड्याळ बघत होती, मी घड्याळ बघत होतो. सातवं मिनिट, आठवं मिनिट. अकराव्या मिनिटाला काही नाही. तेराव्या मिनिटाला ती किंचाळली, "आलं! सर, आलं! जसं होतं तसं आलं!"

पुढे स्वतःचा क्लास काढल्यावर तिनं एकदा विचारलं, "सर, त्या दिवशी तुमचा आवाज इतका शांत कसा होता हो?"

खरं सांगून टाकलं. "अगं, मी ते आयुष्यात फक्त शिकवलं होतं. खऱ्या राउटरवर एकदाही करून बघितलं नव्हतं!"

* * *

हवालदार शिंदे देवळाली कॅम्पचे. तोफखान्यातून निवृत्त, आता दुसऱ्या नोकरीसाठी शिकायला आलेले. मिशा अशा, की त्यांना रागवायचं तर मीच आधी परवानगी घ्यावी. पण सरावाच्या परीक्षेत स्क्रीनच्या कोपऱ्यात उलटं घड्याळ सुरू झालं, की हा गडी थरथरतो.

"सर, अठरा वर्षं तोफेशेजारी उभा राहिलो. पण तोफ एकदाच धडाम करते हो. हे कार्टं सेकंदासेकंदाला करतंय!"

एके दिवशी मात्र त्यांनी कमाल केली. सर्वांत अवघड प्रात्यक्षिक, कुणालाच न जमलेलं, ते त्यांनी आठ मिनिटांत सोडवलं. सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या. यमुनानं चहा आणला. हवालदारसाहेब मिशीला हात लावून पहिला घोट घेतात न घेतात तोच मागच्या कपाटातून पंखा घरघरल्यासारखा आवाज आला आणि राउटरचे सगळे दिवे विझले.

त्यांनी माझी प्रथा पाळली होती. दहा मिनिटांचं सांगून ठेवलं होतं. रद्द करायचं आणि सेव्ह करायचं तेवढं विसरले!

दिवे पुन्हा लागले. सगळं काम पुसलेलं, राउटर सकाळी होता तसा. हवालदारसाहेब कप हातात धरून त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"सर," ते म्हणाले, "गड घेतला, आणि मागच्यांना सांगायचंच राहिलं. आपल्याच तोफेनं उडवला!"

* * *

परीक्षेला महिना राहिला तेव्हा मी एक चोरटं काम केलं. बॅचसाठी सरावाचा पेपर काढला, उत्तरं विसरावीत म्हणून आठवडाभर बाजूला ठेवला, आणि स्वतःच वेळ लावून, अक्षर बदलून सोडवला. उत्तरपत्रिकेवर खोटा रोल नंबर घातला आणि गठ्ठ्यात मिसळून टाकली. तपासायला दिली हवालदारसाहेब आणि यमुनाला. म्हटलं, एकमेकांचे तपासा, शिकायला मिळतं.

संध्याकाळी दोघं एक उत्तरपत्रिका घेऊन आले. दोघांचे चेहरे गंभीर.

"सर, हा एकोणीस नंबर कोण?" हवालदारसाहेबांनी विचारलं.

"का? काय झालं?"

"पोरगा हुशार दिसतो. प्रत्येक उत्तराला तीन-तीन कारणं लिहिलीयत. पण भितो फार. बरोबर लिहितो, खोडतो, आणि चुकीचं लिहितो. चार मार्कांनी गेलाय."

यमुना म्हणाली, "त्याला रागावू नका सर. गरीब घरचा असंल. घाबरून गेला असंल. मी सांगते त्याला समजावून."

मी स्वतः काढलेल्या पेपरात मी नापास! त्यानंतर तीन दिवस यमुना वर्गात एकोणीस नंबर शोधत होती.

* * *

परीक्षेचा दिवस उजाडला. या वेळी घरी नाही, कॉलेज रोडच्या परीक्षा केंद्रात द्यायची ठरवली होती. सकाळी आधी क्लासमध्ये गेलो आणि वैशालीच्या टेबलावर एक चिकटवलेलं पाकीट ठेवलं. आत चार ओळी होत्या: मी नापास झालो. यापुढे येणार नाही. माझ्या जागी दुसरा माणूस लगेच शोध, बॅच अर्धवट सोडू नकोस. आणि माझ्याशी वाद घालू नकोस.

नापास झालो हे तिच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. म्हणून ही व्यवस्था.

"आज पाचपर्यंत मी येऊन हे परत मागितलं नाही, तर उघड," मी म्हणालो.

तिनं पाकिटाकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "सर, माझ्यावरसुद्धा टायमर लावताय?"

मी निघालो.

केंद्रात मोबाइल, घड्याळ, पेन सगळं बाहेर ठेवायला लावलं. मी खुर्चीत बसलो आणि ओठ असे घट्ट मिटले, की देखरेखीवरची मुलगी दोनदा जवळ येऊन गेली. तिसऱ्यांदा हळूच म्हणाली, "आजोबा, बरं वाटतंय ना? दुखतंय का काही?" मी मान हलवली. बोललो असतो तर पुन्हा पुटपुटायला लागलो असतो. एक उत्तर खोडायला गेलो, आणि एकोणीस नंबर आठवला. हात मागे घेतला. तेही खोडलं नाही, पुढचंही नाही.

अडीच तासांनी शेवटचं बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा स्क्रीनवर एकच शब्द होता. मी तो तीन वेळा वाचला. पास!

निकालाचा कागद घडी करून खिशात ठेवला, रिक्षा केली आणि थेट इंदिरानगरला घरी गेलो. बायकोला सांगितलं. तिनं शिरा केला. महिनाभर धड झोप नव्हती. खाल्लं आणि आरामखुर्चीत डोळा लागला.

जाग आली तेव्हा घरात दिवाणखान्यातला जुना पंखा घरघरत होता. तो आवाज कानात गेला आणि मला हवालदारसाहेबांचा कप दिसला.

पाकीट!

घड्याळात पाचला आठ कमी. वैशालीला फोन लावला. वाजत राहिला. प्रात्यक्षिक चालू असताना सगळ्यांचे फोन खणात, हा नियमही माझाच! बायको ओरडत होती, "अहो, चपला तरी घाला!" रिक्षा मिळाली ती द्वारकेच्या अलीकडे अडकली. पुढे बस, मागे ट्रक. मी उतरलो आणि गाड्यांच्या मधून वाट काढत निघालो. आता ती वाचत असेल. आता कुणाला तरी फोन करत असेल. आता माझ्या जागी माणूस ठरला असेल. जिना कठडा धरून चढलो.

पाच वाजून पंचवीस मिनिटं. वर्गात शिरलो. हवालदारसाहेब आणि यमुना आपापल्या स्क्रीनकडे टक लावून बघत होते, आणि दोन्ही स्क्रीन बंद होत्या. वैशालीसमोर फाडलेलं पाकीट पडलं होतं. माझं पत्र तिच्या हातात होतं.

"वैशाली, अगं, ऐक..." मला धाप लागली होती. हात खिशाकडे जात होता, पण खिसा सापडत नव्हता.

"पाचला उघडलं," ती म्हणाली. "तुम्ही रद्द करायला आला नाहीत, सर. नियम तुमचाच."

"अगं, पण..."

तिनं मान वळवली. "हवालदारसाहेब, रद्द केलं नाही तर काय होतं?"

हवालदारसाहेब खाडकन उठून ताठ उभे राहिले. आवाज गच्चीपर्यंत गेला असेल.

"दहा मिनिटांत बंद होऊन पुन्हा सुरू होतो, मॅडम! मधलं सगळं विसरतो! आधी होता तसा उभा राहतो!"

वैशालीनं पत्राची घडी घातली आणि पाकिटाच्या तुकड्यांबरोबर टोपलीत टाकली. निकालाचा कागद अजून माझ्या खिशातच होता. तो कुणी मागितला नव्हता.

"उद्या साडेनऊची बॅच तुमची आहे, सर," ती म्हणाली.