पेट्रोलचोरीचा तपास, गाईंच्या कुरणात

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी आणि सौ. आयर्लंडला, ल्यूकनमध्ये मुलीकडे आलो होतो. जावई सरकारी रुग्णालयात डॉक्टर. सुट्टीत क्लबचं छोटं विमान चालवायचा. त्या रविवारी त्याने सासूला समुद्रकाठ दाखवायला नेलं. परतताना इंजिन हवेतच बंद पडलं आणि त्याने विमान गाईंच्या कुरणात उतरवलं. पुढचं चाक मोडलं, पण दोघांना खरचटलंही नाही.

मुलीबरोबर मी पोहोचलो तेव्हा विमानाला गाईंनी गराडा घातला होता. बघ्यांची गर्दी हटवण्याचा माझा अनुभव तिथे कामी आला. सौ. कुंपणाशी उभी राहून शेतकऱ्याने दिलेला चहा पीत होती.

"बाबा, टाकीतलं पेट्रोल चोरीला गेलंय," जावई म्हणाला. "काल क्लबच्या एका मेंबरने हेच विमान नेलं होतं. मी क्लबला त्याचं नाव कळवलंय. आता त्याला काढून टाकतील."

संशयित म्हणजे एक निवृत्त आयरिश शिक्षक. मी आधी जागेची पाहणी केली. टाक्यांची झाकणं घट्ट, कुठे ओरखडा नाही, सांडल्याचा डाग नाही. चोर इतका टापटीप नसतो.

"मुद्देमाल शेवटचा कधी पाहिलास?" मी विचारलं. खरा फिर्यादी हे न विचारता सांगतो.

"काटा अर्ध्यावर होता."

"टाकीत मोजपट्टी बुडवून पाहिलंस?"

जावई गाईंकडे पाहू लागला.

साक्षीदाराचा जबाब नेहमी वेगळा घ्यावा. मी सौ.ला बाजूला नेलं.

"निघताना मी विचारलं होतं, पेट्रोल घ्यायचं नाही का? तर इथल्या लोकांसारखं म्हणाला, आई, सगळं ग्रँड आहे, म्हणजे एकदम ठीक."

"आणि ठरलेल्या वाटेनेच आलात?"

तिने कपात पाहिलं. "समुद्रकाठचा तो किल्ला वरून फार सुंदर दिसत होता हो. मीच म्हटलं, आणखी एक फेरी मार. मग एक दुसऱ्या बाजूनेही."

"इंजिन थांबलं तेव्हा घाबरली नाहीस?"

"मला वाटलं, माझं डोकं दुखतंय म्हणून त्याने बंद केलं. मी थँक्यूसुद्धा म्हटलं."

हा जबाब मी जावयाला जसाच्या तसा ऐकवला. तो मटकन गवतात बसला.

"काटा जास्त दाखवतो हे मला माहीत होतं, बाबा. उशीर झाला होता, म्हणून पट्टी बुडवली नाही. वर फेऱ्या वाढल्या. तुमच्यासमोर कसं सांगू?"

"मला नको सांगूस. त्यांना सांग."

त्याने आधी क्लबला खरं कळवलं, मग शिक्षकांना फोन लावून माफी मागितली. पलीकडून आवाज आला, "तुझी सासू ठीक आहे ना? मग उरलेलं चहावर बोलू. चहा मात्र तू पाजायचास." जावयाचे डोळे भरून आले.

सेवेत मी चोऱ्या कबूल करणारे पुष्कळ पाहिले. चोरी झालीच नव्हती हे कबूल करायला त्याहून जास्त धीर लागतो, हे मला त्या कुरणात कळलं. जादा फेऱ्या मारायला लावणाऱ्या सहआरोपीवर मात्र मी कारवाई केली नाही. मला त्याच घरात राहायचं होतं.