बाबांच्या पावाच्या वाटेवर: कर्जत, चौक, खोपोली, पळसदरी

ऑपरेशन मंगळवारी होतं, सोमवारी ॲडमिट व्हायचं होतं, म्हणून आम्ही रविवारी खायला निघालो. रविवारी कर्जतला खायला जाऊ नका, असं मीच या ब्लॉगवर दहा वेळा लिहिलंय. फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांची रांग, टेबलासाठी तासभर ताटकळणं आणि घाईघाईत उरकलेला स्वयंपाक. तुम्ही शक्यतो मधल्या वारी जा. आमच्याकडे मधला वार उरला नव्हता.

ठरवलं बाबांनीच. माझे वडील बत्तीस वर्षं टेंपो चालवायचे. पहाटे दहिवलीच्या बेकरीतून पाव भरायचे, चौक, खालापूर, खोपोली करत हॉटेलांना टाकायचे आणि पळसदरीवरून भिसेगावला घरी यायचे. आता त्यांच्या डाव्या गालात गाठ आहे. अर्धा जबडा काढणार, जिभेचाही तुकडा जाणार. चव परत येईल का, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता "बघू" म्हटलं. परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, "रविवारी माझ्या लायनीवर जाऊ गं. एकदा सगळीकडं पुढच्या दारानं जायचंय."

पाववाला कायम मागच्या दारानं जातो. त्यामुळे हॉटेलांबद्दल बाबांची सगळी मतं मागच्या दारावर बनलेली आहेत. इतकी वर्षं मी त्यांचीच अक्कल वापरून तुम्हाला सल्ले देत आलेय, आज कबूल करते. बोर्ड बघू नका, मागं जाऊन बघा. मोरी तुंबलीय का, कांदा कुठं बसून चिरतात, तेलाच्या डब्यावर झाकण आहे का. एवढं बघितलंत तर पोट बिघडणार नाही.

पहिला थांबा चौक. भिसेगावहून माझ्या गाडीनं पाऊण तास लागला, गर्दी नसेल तर अर्ध्या तासात जाल. जुन्या हायवेवरचं मिसळीचं हॉटेल, पत्र्याची शेड, आठ टेबलं. मिसळ नव्वद रुपये, पाव जादा मागितला तर वेगळे पैसे. बाबांनी दोन सांगितल्या.

"एक तुला, एक मला बघायला."

बाबांचं तोंड दीड बोट उघडतं. डॉक्टर तसंच मोजतात, बोटं आत घालून. तिखट तर गालाला लागताच जीव जातो. त्यांनी आपली प्लेट जवळ ओढली, वाफ घेतली आणि माझ्याकडे बघत बसले. मी दोन घास खाल्ले आणि सवयीनं म्हणाले, "मस्त आहे."

"मस्त म्हंजे काय? मीठ कसं हाय?"

"बरोबर आहे."

"कट?"

"तेल जास्त आहे. तिखट आधी कळत नाही, मागून लागतं. घशात."

"पाव?"

"गोडसर आहे. दाबला की परत फुगत नाही."

"मग आमचा नाय," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते, जणू चावतायत. मी पुढचा घास घेतला आणि त्याचंही सगळं सांगितलं. मटकी कच्चट होती, तेही सांगितलं. दहा वर्षं मी 'भन्नाट' आणि 'अप्रतिम' लिहून पानं भरली आणि त्या टेबलावर मला एकेक शब्द शोधावा लागत होता. दोन्ही मिसळी मीच संपवल्या. टाकलेलं त्यांना चालत नाही.

चौकहून खालापूरमार्गे खोपोली. वाटेत उसाचा रस मिळतो, तो थंडगार बाबांना गिळता येतो, तेवढा अर्धा ग्लास पोटात गेला.

माझ्या जुन्या वाचकांना बाबांच्या चहावरची पोस्ट आठवत असेल. मागच्या वर्षीची. माझे बाबा पाव चहात बुडवतात, चपाती चहात बुडवतात, आता तर वडासुद्धा चहात बुडवून खातात, असं मी रंगवून रंगवून लिहिलं होतं. तुम्ही खूप हसलात. आमच्याकडेही अस्सेच आहेत, असं कितीतरी जणांनी लिहिलं. मी खूश. दाढ दुखतेय म्हणायचे ते, आणि मी त्यांचे फोटो काढत होते. तपासताना डॉक्टरांनी विचारलं, हे मऊ करून कधीपासून खातायत? आईनं बाबांकडे बघितलं, बाबांनी आईकडे. मला मात्र नेमका महिना सांगता आला, कारण पोस्टवर तारीख होती. ती पोस्ट मी काढून टाकलेली नाही. खाण्यावर पोट भरणाऱ्या बाईला समोरच्याच्या तोंडातलं कळलं नाही, हे तिथं राहू दे.

आणि तंबाखू. पहाटे डोळा लागू नये म्हणून खायचे. पुडी आणायला मलाच पाठवायचे, उरलेल्या सुट्ट्या पैशांत मला लिमलेटची गोळी. असो.

खोपोलीत बाजाराच्या बाजूला मुनाफभाईंचं हॉटेल आहे. खिमा-पाव आणि दालचा-भात, म्हणजे मटण घातलेली डाळ आणि भात; दोघांचं जेवण चारशेच्या आत. कुटुंब मूळचं मुरुडकडचं, दोन पिढ्या इथं. बाबांना दारात बघून मुनाफभाई गल्ला सोडून पुढे आले.

"क्या पाववाले, आज पुढून? वरात-बिरात हाय काय?"

बाबा हसले, म्हणजे उजवी बाजू हसली. मुनाफभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी दोन वाक्यांत सांगितलं. ते आत गेले. बऱ्याच वेळानं स्वतः वाटी घेऊन आले. खिमा पळीनं पुन्हा घोटून आणला होता, बिनतिखटाचा, पातळ.

"नातवाला देतो तसा केलाय. बघा जमतो का."

बाबांनी चमचा आडवा करून आत ढकलला. थोडा गेला, बाकीचा हनुवटीवरून शर्टावर आला. दुसऱ्यांदा तेच. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं आपल्या मुलीची खुर्ची फिरवली आणि वेटरला दुसरं टेबल मागितलं. तेव्हा मी गप्प बसले. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका: त्या शर्टाला आईनं सकाळी इस्त्री केली होती, आणि तो माणूस तुमच्या जन्माआधीपासून या हॉटेलाला पाव पुरवत होता.

मुनाफभाई पैसे घेईनात. "घे रं," बाबा म्हणाले, "नायतर परत येनार नाय मी." बोलून गेले आणि मग तिघांनाही कळलं काय बोललं गेलं. मुनाफभाईंनी मान खाली घालून पैसे घेतले.

खोपोलीहून पळसदरीचा रस्ता अरुंद आहे, वळणांवर हॉर्न द्या. धरणाच्या अलीकडे यमुनाताईंचं शेत लागतं. इथं हॉटेल नाही. आदल्या दिवशी फोन करायचा, ताई पोपटी लावून देतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी, ओवा आणि खडं मीठ. पाणी नाही, तेल नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. थंडीतच मिळते, सहा जणांना पुरते, बाराशे रुपये. शिल्लक राहिलेले पाव बाबा याच घरी टाकून जायचे, त्यामुळे इथं ओळख करून द्यावी लागली नाही.

ताईंनी तापल्या मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र झालं. "झाली," त्या म्हणाल्या. पाला बाजूला केला तसा ओव्याचा वास आला. मी शेंग सोलून खाल्ली आणि सांगायला लागले, की वाल पिठूळ झालाय, पाल्याचा कडवटपणा सालीपुरताच आहे. बाबांनी हात पुढे केला.

"एक दाना दे."

"भावजी, मीठ झोंबंल," ताई म्हणाल्या.

"झोंबू दे."

मी दाणा बोटांत चुरडून दिला. बाबांनी तो बोटानं उजव्या गालात सारला आणि हलले नाहीत. चेहरा ताठ झाला, डोळ्यांतून पाणी आलं, मांडीवरची मूठ आवळली गेली. गिळायला किती वेळ लागला कोण जाणे. जाळ विझून निखारे झाले होते.

"मीठ बरोबर हाय," ते म्हणाले.

मी तिथंच रडले. धुराचा बहाणा केला नाही.

ऑपरेशनला आता पाच आठवडे झालेत. बाबा भिसेगावला घरी आहेत. बोलता येत नाही, पाटीवर लिहितात. नाकात नळी आहे. दर दोन-तीन तासांनी आई पेज, डाळीचं पाणी, दूध गाळून सिरिंजनं त्यात सोडते. ते जिभेला लागतच नाही, थेट पोटात जातं. डॉक्टर चवीबद्दल अजूनही "बघू"च म्हणतात. मी आताशा विचारत नाही.

तुम्ही या वाटेनं गेलात तर चौकला पाव जादा मागू नका, मुनाफभाईंकडे दालचा चुकवू नका आणि ताईंना पुढच्या थंडीत फोन करा. खाताना बरोबरच्या माणसाच्या पानाकडे बघत जा. तो काय बुडवतोय, काय बाजूला सारतोय ते बघा.

काल दुपारी आईनं पेज गाळली आणि सिरिंज भरायला घेतली, तेवढ्यात बाबांनी तिचा हात धरला. पाटी ओढली आणि लिहिलं, "मीठ?" मग माझ्याकडे बोट केलं. मी चमचाभर पेज तोंडात घेतली.

"कमी आहे, बाबा."

आई मिठाचा डबा आणायला उठली.