काट्यावर भारी, रक्तानं हलकी

पहिलटकरीण असताना नर्सबाईंनी घरी आणून दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या मी माझ्या थोरल्या जावेला खाऊ घातल्या. चांगल्या मोठ्या मनानं. वर म्हणाले, "बाई, माह्यापेक्षा तुमालेच याची गरज हाये." अक्कल बहुधा माहेरीच विसरून आले होते.

जाऊ म्हणजे तुरीची काडी. मी गोरी, गुबगुबीत, दंडात वाक्या रुतायच्या. आमच्याकडे बाई अंगानं भरलेली असली की म्हणतात, 'तब्येतीची आहे.' सासरी आल्यापासून हे इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते डॉक्टरचं सर्टिफिकेटच वाटायचं. आदल्या हंगामात तर कापूस मोजायच्या काट्याला झोळी बांधून आम्ही बायांनी एकमेकींना तोलून पाहिलं. जावेपेक्षा मी अकरा किलो जास्त भरले आणि आठवडाभर तोऱ्यात फिरले. तीच जाऊ कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन, गप्पा मारत टेकाड चढायची. मी रिकाम्या हातानं तीनदा बसायचे. तो मला माझा नाजूकपणा वाटे!

शिवाय पाटीवरच्या पेन्सिली मी चण्यासारख्या चावून खात होते. सगळ्या म्हणत, डोहाळे लागलेत.

सातव्या महिन्यात त्याच टेकाडावर माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी मटकन खाली बसले. जावेनं गाठोडं बांधावर टाकलं, मला धरून सडकेपर्यंत आणलं आणि जीपमध्ये घालून चिखलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या भरल्या अंगाकडे पाहिलंदेखील नाही. डोळ्याची खालची पापणी ओढली.

"पांढरीफटक. गोळ्या खाता ना?"

मी जावेकडे पाहिलं, जावेनं माझ्याकडे. शेवटी खरं सांगितलं. बाईंनी जावेचीही पापणी ओढून पाहिली. आतून डाळिंबासारखी लाल.

"ही धडधाकट आहे," माझं रक्त तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या. "तुमचं रक्त मात्र निम्म्यावर आलंय. असंच राहिलं तर बाळंतपणात तुमचा आणि बाळाचा, दोघांचाही भरवसा नाही."

माझा तोरा तिथंच गळाला. पेन्सिलीही रक्त कमी झाल्यामुळंच खाव्याशा वाटत होत्या, हेही तिथंच कळलं. पुढं गोळ्या खाल्ल्या, मुलगी सुखरूप झाली. आता मी काट्यावर चढत नाही. जमिनीवरून हात न टेकता उठता आलं, वेशीपर्यंत बोलत चालताना दम लागला नाही, आणि वर्षातून एकदा रक्त तपासलं, की माझं समाधान होतं.

त्या दिवशी परतताना जीपमध्ये जाऊ माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत बसली. रागावली असेल म्हणून मी पदराशी चाळा करत बसले. गाव दिसायला लागलं तशी ती म्हणाली,

"मले वाटे, ही माह्यावर लय जीव लावून राह्यली! उद्यापासून माह्यासमोर बसून गोळी खायची. अन् सकाळी आरशात कुंकू लावते ना, तवा पापणीबी वढून पाह्यत जाय. नुसतं थोबाड पाहून काय समजते वं?"