निळ्या माणसांचं तळं

बाबांना खाणीवरून कायमचं घरी पाठवलं, तेव्हा मी सातवीत होते. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली, दगडाला भोकं पाडायचं मशीन चालवलं होतं. परत आले ते वेगळेच होऊन. चेहऱ्यावर काही उमटेनाच. माय रडली तरी तोच चेहरा, मी वर्गात पहिली आले तरी तोच. बोलणं हळू, एकसुरी. चालताना टाचा टेकत नसत. कोपरं दुमडून चवड्यांवर चालायचे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्या गल्लीतली पोरं त्यांच्या मागं कोंबड्यासारखी आरवायची. बाबा वळून बघायला जायचे आणि तोल जाऊन मागच्या मागं पडायचे. दोनदा डोकं फुटल्यावर मायनं त्यांचं बाहेर जाणं बंद केलं. ती दिवसभर बिड्या वळायची. शाळा सुटल्यावर बाबांपाशी बसायचं काम माझ्याकडे आलं.

माझा मामा छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेज रेल्वेवर, गँगमन होता. कुणा प्रवाशाचं डब्यात राहिलेलं एक पुस्तक त्यानं मला आणून दिलं. हिंदी चित्रकथा होती. घरात सगळे मराठी बोलायचे, पण माझी शाळा हिंदी. माय-बाबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे वाचता फक्त मलाच येत होतं. मी चित्रं दाखवून आपल्या बोलीत सांगत जायची आणि बाबा बघत राहायचे.

गोष्ट अशी होती. एका टकल्या शास्त्रज्ञाला दूरच्या ग्रहावर एक ओसाड शहर सापडतं. वाळूत बुडालेलं, एकही माणूस नाही. इथले लोक गेले कुठं, हे बघायला तो एक यंत्र बनवतो आणि त्यात बसून हजारो वर्षं मागं जातो, त्या ग्रहाच्या जुन्या काळात. चुकून त्याचा जाडा स्वयंपाकीही आत अडकतो. तिथं निळी माणसं राहत असतात, तीन-तीन डोळ्यांची. त्यांना अजून विस्तवसुद्धा माहीत नसतो. स्वयंपाकी चूल पेटवतो, भजी तळतो. निळी माणसं भजी खातात आणि दुसऱ्या दिवशी राजासकट सगळी कढईपुढं लोटांगण घालतात.

तिथं बाबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग घशातून आवाज फुटला आणि ते हसतच राहिले. माय हातात कात्री तशीच घेऊन धावत आली.

"काय झालं वो?"

"माय, बाबा हासून राह्यले!"

मायनं बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कितीतरी दिवसांनी त्या चेहऱ्यावर काही तरी हललं होतं. "वाच, बाई," ती मला म्हणाली. "अजून वाच."

मग मी रोज वाचलं. पुस्तक चार दिवसांत संपलं, तशी मी मनानंच पुढं रचत गेले. स्वयंपाकी राजाच्या तिन्ही डोळ्यांत काजळ घालतो, निळ्या म्हाताऱ्या त्याच्याशी लग्न करायला भांडतात, असलं काहीबाही. बाबा हसायचे. शाळेत मी मुलींना सांगितलं की माझ्या बाबांना मी बरं करते आहे. मला तसं खरंच वाटत होतं.

पुस्तकाची शेवटची दोन पानं मात्र मी त्यांना कधी दाखवली नव्हती. त्यात निळ्या माणसांचं तळं आटतं. भेगाळलेल्या चिखलात एक निळी बाई ओंजळीतलं पाणी लेकराच्या तोंडात घालते आणि तिच्या मागं माणसं मरून पडलेली असतात. एक दिवस बाबांनी थरथरत्या बोटांनी स्वतःच ते पान उलटलं.

"हे?"

मी सांगितलं. "पाणी संपलं बाबा. हे सगळे मरून राह्यले."

बाबा हसले. तसेच, खांदे हलवत. मी म्हटलं, "बाबा, ते लेकरू बी मरते." त्यांचं हसू वाढलंच. त्यांचे डोळे मात्र हसत नव्हते. ते माझ्याकडे लागले होते आणि घाबरलेले होते. मी पुस्तक मिटलं. मायला काही सांगितलं नाही.

त्याच उन्हाळ्यात कटंगीकडच्या आमच्या गावी मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वारले. आम्ही बाबांना घेऊन गेलो. अंगणात तिरडी उचलली, बायकांनी हंबरडा फोडला, आणि त्या सगळ्या आवाजावर बाबांचं हसणं ऐकू आलं. लोक वळले. चुलतभावानं पुढं होऊन बाबांची बंडी धरली.

"माह्या बापाच्या मयतीत हासता काका? काहून?"

बाबांना सांगायचं होतं. तोंड उघडत होतं, पण बाहेर हसूच येत होतं, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यानं त्यांना ढकललं. बाबा मागच्या मागं पडले. कुणी उचललं नाही. मी नि मायनंच उचललं. जेवणाला थांबा असं आम्हाला कुणी म्हणालं नाही.

परत आल्यावर माय त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर नवीन होते, तरुण. त्यांनी बाबांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मशीन किती वर्षं चालवलं ते विचारलं. मग म्हणाले, खाणीतल्या मँगनीजच्या धुळीनं मेंदू धरला आहे. मी हिंदीत विचारलं, "पण मी गोष्ट सांगते म्हणून हसतात ना?"

"नहीं बेटी," ते म्हणाले. "ये हँसी उनके बस में नहीं है."

ते वाईट हेतूनं म्हणाले नाहीत. पण घरी आल्यावर मी पुस्तक कपड्यांच्या पेटीत तळाशी टाकलं. मला बाबांचा राग आला होता. माझी फसवणूक झाल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाबा भिंतीला धरून माझ्याजवळ येऊन बसले.

"वाच."

"संपलं पुस्तक."

"हौ," ते म्हणाले. मग विचारलं, "निळे लोक?"

"मेले सगळे," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. मी वाट बघत होते हसण्याची, पण ते नुसते बसून राहिले, मग उठून आत गेले. त्यानंतर त्यांनी मला कधी वाच म्हटलं नाही आणि मीही कधी पुस्तक काढलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना गिळता येईना. पातळ पेज छातीत जायची. ताप आला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. गावाहून चुलतभाऊ आला. त्यानं खांदा दिला, पण मायशी नजर भिडवली नाही.

बालाघाटातलं बिऱ्हाड मोडून आम्ही तुमसरला, मायच्या माहेरी निघालो. बसमध्ये तिच्या शेजारी बसून मी बराच वेळ हिंमत गोळा केली.

"माय, बाबा पह्यल्यांदा हासले, कढईवर, ते तरी खरं हासू होतं का?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "मले काय माहीत, बाई," ती म्हणाली. "मले बरं वाटलं होतं."

मग तिनं बोचकं मांडीवर ओढून घेतलं आणि त्याची सैल झालेली गाठ पुन्हा आवळली.